आईच्या मणक्यात स्क्रू बसवायचेत. देशी घ्यावेत की इम्पोर्टेड?

सिस्टर, नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते. दोन वर्षांपासून चालताना तिच्या दोन्ही पायांत कळा येतात. दहा मिनिटं चाललं की खाली बसावं लागतं. एमआरआयमध्ये कंबरेतला एल-४ मणका खालच्या एल-५ वर थोडा पुढे सरकलाय आणि नसा दबल्यात, असं निघालं. पुण्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय: चार स्क्रू, दोन रॉड आणि मधे एक केज. एस्टिमेटमध्ये इम्प्लांटचे दोन दर लिहिलेत, देशी ६५ हजार आणि इम्पोर्टेड १ लाख ५० हजार. थोरले दाजी म्हणतात, आईच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नाही, इम्पोर्टेडच टाका. डॉक्टर म्हणतात, दोन्ही चालतील. मग आम्ही ठरवायचं कसं?

दुसरं म्हणजे, हॉस्पिटलात लिफ्टपाशी एक मुलगा स्टीलच्या मोठाल्या पेट्या घेऊन उभा होता. विचारलं तर म्हणाला, कंपनीकडून आलोय, उद्याच्या स्पाइनच्या केसचा सेट आणलाय. म्हणजे ही हत्यारं आज इथे, उद्या दुसऱ्या हॉस्पिटलात अशी फिरत असतात? आणि तो मुलगा ऑपरेशनच्या खोलीत नेमकं काय करतो? तेव्हापासून माझी झोप उडालीय.

नंतर एमआरआय करता येतो का, विमानतळावर अडवतात का (भाऊ मस्कतला असतो, आई त्याच्याकडे जाते), आणि हे लोखंड पुढे काढावं लागतं का, तेही सांगा.

ता. क. आई पहाटे उठल्या उठल्या मिश्री लावते. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय. ती म्हणते, आधीच जिवाला घोर लागलाय, ऑपरेशन झालं की सोडते.

एक मुलगी, कराड

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये लिहिलीत. त्या मिश्रीवर मी येणार आहे आणि चांगली सविस्तर येणार आहे. आधी पेटीबद्दल आणि पैशांबद्दल बोलू.

माझी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत गेली, आधी स्क्रब नर्स (सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) म्हणून आणि मग इन्चार्ज म्हणून. मी डॉक्टर नाही, तेव्हा ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी सांगणार नाही. पण त्या स्टीलच्या पेट्या मी वर्षानुवर्षं उघडल्यात, मोजल्यात आणि परत पाठवल्यात. त्यांच्याबद्दल मला बोलता येतं.

तुमच्या आईंच्या ऑपरेशनमध्ये दोन कामं आहेत. एक, दबलेल्या नसा मोकळ्या करायच्या. दोन, सरकलेला मणका खालच्या मणक्याशी कायमचा जुळवायचा. स्क्रू, रॉड आणि केज (दोन मणक्यांच्या मधे बसवायचा पोकळ ठोकळा) हे सगळं दुसऱ्या कामासाठी आहे. आता बहुतेक घरांत समज असा असतो की मणके स्क्रूंनी जोडले जातात. तसं नसतं. स्लॅब ओतताना खाली सेंटरिंगच्या बल्ल्या लावलेल्या असतात ना, स्क्रू-रॉडचं काम तेवढंच: काँक्रीट धरेपर्यंत हलू द्यायचं नाही. इथे काँक्रीट म्हणजे आईंचं स्वतःचं हाड. ते दोन मणक्यांच्या मधे वाढून जुळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. जुळलं, की स्क्रूंवरचा भार जवळपास संपला. नाही जुळलं, तर उत्तम धातूसुद्धा रोजच्या उठण्याबसण्यानं, वाकण्यानं थकतो. मग एक दिवस रॉड तुटतो, नाहीतर स्क्रू हाडात खुळखुळायला लागतो.

हे नवं ज्ञान नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन नावाचे सर्जन होते. पोलिओमुळे पाठीला बाक आलेल्या मुलांसाठी १९५० च्या दशकात त्यांनी स्टीलचा रॉड आणि हुक बनवले. मणक्यात धातू बसवून पाठ सरळ करण्याचं आजचं शास्त्र बरंचसं तिथून सुरू झालं. सुरुवातीला त्यांनी हाड जुळवण्याची खटपट न करता नुसताच रॉड घातला. काही दिवसांनी हुक निसटायला लागले, रॉड तुटायला लागले. मग त्यांनी रॉडसोबत हाड जुळवायला सुरुवात केली आणि निकाल सुधारले. फ्रान्समध्ये रेमंड रॉय-कामी यांनी १९६३ पासून मणक्याच्या पेडिकलमधून, म्हणजे मागच्या बाजूच्या हाडाच्या अरुंद भागातून, स्क्रू घालायला सुरुवात केली. तुमच्या आईंना बसणार आहेत ते स्क्रू त्याच जातीचे. साठ वर्षांत धातू बदलला, स्क्रूचं डोकं फिरतं झालं, पण जुळायचं ते हाडानंच, यात काही बदल झालेला नाही.

आता देशी-इम्पोर्टेड. दोन्हीकडचे स्क्रू बहुतेक एकाच मिश्रधातूचे असतात: टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. विमानांच्या भागांसाठीही हाच मिश्रधातू वापरतात. इम्प्लांटसाठी त्याचं जास्त शुद्ध रूप लागतं आणि त्याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे. राजकोट-अहमदाबादकडचे चांगले कारखानदारही तेच मानक पाळून माल बनवतात आणि परदेशात पाठवतात. फरक पडतो तो स्क्रूच्या आट्यांच्या घडणीत, डोक्याच्या बांधणीत, रॉड धरून ठेवणारा वरचा इनर (वरून पिळून बसवायचा छोटा स्क्रू) किती नेमका बसतो त्यात, आणि सोबतची हत्यारं किती काटेकोर बनलीत त्यात. महाग कंपन्यांची हत्यारं हाताला चांगली असतात, हे मी नाकारणार नाही. पण पट्टीचा सर्जन आणि परवाना असलेला देशी सेट असेल, तर नुसत्या देशाच्या नावासाठी ८५ हजार जास्त घालावेत, असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, यातला कोणता सेट तुम्ही नेहमी वापरता?" ज्या सेटवर त्यांचा हात बसलाय तो घ्या. मणक्याचा स्क्रू ज्या पेडिकलमधून जातो ती हाडाची अरुंद नळी असते, बाहेरून टणक, आतून सच्छिद्र. तिच्या आतल्या भिंतीला लागूनच नसा असतात. सर्जन आधी टोच्यानं किंवा बर्रनं (बारीक ड्रिलनं) हाडाला तोंड पाडतात. मग बोथट टोकाचा प्रोब हातानं हळूहळू आत घालतात. त्या वेळी हाताला आतला मऊपणा जाणवत राहिला पाहिजे, मधेच टणक लागलं की थांबायचं. मग बारीक गोळीसारखं टोक असलेली तार आत घालून चारही भिंती आणि तळ चाचपतात. कुठे भोक पडलंय का, ते ही तार सांगते. त्याच तारेवर आम्ही चिमटा लावून खोली मोजून द्यायचो आणि मग ठरायचं, स्क्रू ४० मिलिमीटरचा की ४५ चा. सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर, फोटो बघून खात्री करायची ती वेगळीच. हे सगळं ज्या हत्याराच्या मुठीची सवय आहे त्या हत्यारानं व्हावं, यात तुमच्या आईंचं हित आहे. इम्पोर्टेड हवं म्हणून नातेवाइकांनी हट्ट धरला आणि सर्जनच्या हाती अनोळखी सेट आला, असं होऊ नये.

दर्जाची खात्री करायची जागा वेगळी आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली. शरीरात कायम राहणाऱ्या इम्प्लांटसाठी सीडीएससीओ या केंद्रीय यंत्रणेचा परवाना लागतो, देशी मालाला बनवण्याचा, परदेशी मालाला आयातीचा. परवान्याचा नंबर, लॉट नंबर आणि एमआरपी लेबलवर असतं. तुम्ही आधीच सांगून ठेवा की ऑपरेशननंतर सगळ्या इम्प्लांटचे स्टिकर किंवा लॉट नंबर डिस्चार्ज कार्डावर आणि बिलावर पाहिजेत. काही सेटमध्ये स्क्रू सुटे, ट्रेमध्ये लावलेले येतात. त्यांना प्रत्येकी स्टिकर नसतो, पण त्यांच्यावर लेझरनं साइज आणि लॉट नंबर कोरलेला असतो आणि सिस्टर तो टिपून घेतात. ही मागणी केल्यानं कुणी रागावत नाही. उलट नातेवाईक जागरूक आहेत हे कळलं की सगळेच जास्त नीट लिहितात.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे, जो बहुतेकांना माहीत नसतो. बहुतेक कंपन्यांच्या स्क्रूला त्यांचाच पाना लागतो. एकीचा पाना दुसरीच्या डोक्यात सहसा बसत नाही, एकीचा इनर दुसरीच्या आट्यांत जात नाही. देव न करो, पण पाचदहा वर्षांनी आईंचा वरचा मणका त्रास द्यायला लागला आणि जुना जोड वर वाढवायची वेळ आली, तर त्या सर्जनना पहिला प्रश्न पडेल, "आतला सेट कुठला?" जुनी फाइल नाही म्हणून नुसत्या एक्स-रेवरून अंदाज बांधत चार कंपन्यांचे पाने मागवावे लागल्याच्या केसेस मी पाहिल्या आहेत. कंपनी आणि सेटचं नाव, स्क्रूची जाडी-लांबी, रॉडची जाडी, एवढं लिहून त्याचा फोटो भावंडांच्या मोबाइलमध्ये ठेवून द्या.

दराबद्दल एकच. हृदयातल्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या सांध्याला सरकारनं २०१७ मध्ये कमाल दर ठरवून दिला, मणक्याच्या स्क्रूंना तसा दर नाही. म्हणून एकाच मालाचे दोन हॉस्पिटलांत दोन भाव दिसतात. एस्टिमेटमध्ये "इम्प्लांट" असा एकच आकडा लिहिला असेल, तर तो फोडून मागा: स्क्रू किती, रॉड किती, इनर किती, केज कोणती. विमा असेल तर टीपीएकडून, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेकडून, आधीच लेखी विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. त्यात संकोच कसला आलाय!

केजमध्येही दोन प्रकार सांगतील. एक पीक नावाच्या कणखर प्लॅस्टिकची आणि दुसरी टायटॅनियमची. पीकमधून एक्स-रे आरपार जातो, त्यामुळे आत हाड धरतंय का ते दिसतं. टायटॅनियम हाडाला जास्त चिकटतं आणि हल्ली ते थ्रीडी प्रिंटिंगनं सच्छिद्रही बनवतात. दोन्ही चांगल्या आहेत, यावर फार डोकं लावू नका.

आता त्या पेट्या. हो, त्या फिरतात. मणक्याचा पूर्ण सेट म्हणजे दोन-तीन जाडीचे आणि अनेक लांबीचे स्क्रू, वेगवेगळे रॉड, केजच्या साइज आणि त्या सगळ्याची हत्यारं. एवढं प्रत्येक हॉस्पिटलनं विकत घेऊन ठेवणं परवडत नाही, म्हणून वितरकाकडून केसपुरता सेट येतो. पंच, प्रोब, पाने, रॉड वाकवायचा बेंडर, हे सगळं अनेकांसाठी वापरलं जातं, जसं कुठल्याही ऑपरेशनमधलं कात्री-चिमट्याचं असतं. एकदा पेशंटच्या हाडात घातलेला स्क्रू मात्र काढून दुसऱ्याला वापरायचा नाही, हा नियम पक्का आहे.

भीती फिरण्याची नसावी, घाईची असावी. पेटी हॉस्पिटलात आली की ती सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, उघडून मोजायची, पुन्हा धुवायची, तपासायची, पॅक करायची आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढायची. आधीच्या हॉस्पिटलनं धुऊन दिली असली तरी आपण धुवायचीच. केरिसन नावाचा एक पंच असतो, नसांवरचं हाड कणाकणानं कुरतडायचा. त्याच्या दोन पट्ट्यांच्या खाचेत हाडाचा चुरा अडकतो. वरून चकाचक दिसणाऱ्या केरिसनला ब्रश मारून, तो उघडत असेल तर उघडून, उजेडात धरून बघावं लागतं. पोकळ दांड्याच्या हत्यारांतून पाणी आरपार सोडावं लागतं. मग अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं, मग वाळवणं, मग १३४ अंशांची वाफ. पॅकच्या आत एक रासायनिक पट्टी असते, तिचा रंग बदललेला पाहिल्याशिवाय आम्ही ट्रॉलीवर काही घेत नाही. पॅक ओला निघाला तर तो बाद. हे सगळं नीट करायला वेळ लागतो. पेटी सकाळी सातला आली आणि केस आठला असेल, तर या कामात कुठेतरी काटछाट होणार.

तुम्ही पाहिलेला मुलगा आदल्या दिवशी आला होता, "उद्याच्या केसचा" म्हणाला. मला तर हे वाचून बरंच वाटलं. तुमच्या आईंच्या वेळीही हेच विचारा: "सेट आदल्या दिवशी येतो ना? धुणं आणि ऑटोक्लेव्ह तुमच्याच सीएसएसडीत होतं ना?" ओटी इन्चार्ज सिस्टरना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. ट्रेमधले न वापरलेले स्क्रू पुन्हा पुन्हा धुतले जाण्यापेक्षा एकेक स्क्रू सीलबंद निर्जंतुक पाकिटात देणाऱ्या कंपन्याही आता आहेत. तुमच्या सर्जनच्या नेहमीच्या सेटमध्ये तो पर्याय असेल, तर थोडे जास्त पैसे तिथे घालायला मी आनंदानं सांगेन. इम्पोर्टेडच्या शिक्क्यापेक्षा ते पैसे सार्थकी लागतील.

तो मुलगा थिएटरमध्ये असतो, हे खरं. सेटमधलं कुठलं हत्यार कुठल्या ट्रेमध्ये आहे, पुढच्या टप्प्याला कुठलं लागेल, हे त्याला पाठ असतं. तो निर्जंतुक भागाच्या बाहेर उभा राहतो आणि लेझर पॉइंटरचा लाल ठिपका ट्रेवर पाडून सिस्टरला दाखवतो. तेवढंच त्याचं काम. पेशंटला हात लावायचा नाही. चांगला टेक्निशियन असला की ऑपरेशन अर्धा तास लवकर आटपतं, म्हणून त्याच्याकडे संशयानं बघू नका.

डॉक्टरांना विचारायचा एक मोठा प्रश्न तुमच्या पत्रात नाही: स्क्रू लागणारच आहेत का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासात नसांची जागा अरुंद झालेल्या पेशंटांचे दोन गट केले, एका गटाच्या नुसत्या नसा मोकळ्या केल्या, दुसऱ्या गटात स्क्रूही बसवले. २०१६ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, मणका सरकलेल्यांतही नव्हता. २०२१ मध्ये नॉर्वेतून, खास मणका सरकलेल्या पेशंटांवरचा, साधारण तसाच निष्कर्ष आला. पण म्हणून सगळ्यांनाच स्क्रू नकोत, असं होत नाही. वाकल्यावर मणका जास्त सरकत असेल, कंबरदुखी पायांइतकीच असेल, नस बाजूच्या भोकात चिमटली असेल, किंवा नसा सोडवण्यासाठी सांध्याचा बराच भाग काढावा लागणार असेल, तर जोडणंच शहाणपणाचं. तेव्हा विचारा: "पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका हलतोय का? आईला स्क्रू कशासाठी हवेत?" उत्तर समजलं नाही तर दुसऱ्या स्पाइन सर्जनचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरांना त्याचं वाईट वाटत नाही.

स्क्रू ठरलेच, तर सगळं लक्ष आईंच्या हाडाकडे वळवा. ६४ वय, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. या वयात हाड ठिसूळ असण्याची शक्यता मोठी. आणि ठिसूळ हाडात उत्तम स्क्रूसुद्धा पकड घेत नाही. आम्हाला ट्रॉलीवर उभ्या उभ्या कळायचं: टॅप (हाडात आटे पाडायचं हत्यार) मारताना सर्जनचा हात सहज फिरायला लागला की लगेच आवाज यायचा, "सिस्टर, मोठा स्क्रू द्या." म्हणून ऑपरेशनच्या आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, झालाय का, ते बघा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. अशा वेळी काही सर्जन ऑपरेशन काही महिने पुढे ढकलून आधी हाड वाढवायची इंजेक्शनं देतात, काही जण छिद्रं असलेले स्क्रू घालून त्यातून सिमेंट सोडतात. निर्णय त्यांचा, पण स्कॅनच झाला नसेल तर निर्णय घेणार कशावर? सोबत व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासा. साखर असेल तर एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) बघा, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळते आणि इम्प्लांटला चिकटलेला जंतू हटवणं फार अवघड जातं. दाजींना सांगा, पैसे इथे घालू. डेक्सा, घरी कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडा, महिना-दोन महिने फिजिओथेरपिस्ट. आईंसाठी ही माया त्या ८५ हजारांहून जास्त कामाला येईल.

आणि आता मिश्री. ऑपरेशन झाल्यावर सोडते म्हणणं म्हणजे नेमकं उलटं आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. धूर नाही म्हणून निरुपद्रवी वाटते, पण हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. रक्त पोचत नाही तिथे हाड धरत नाही. ऑपरेशनमध्ये कंबरेतून काढलेले हाडाचे तुकडे आम्ही टाकून देत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. सर्जन केरिसननं, रोंजरनं (हाड तोडायच्या पकडीनं) जे हाड काढतात ते वाटीत जमा होतं. स्क्रब नर्स ट्रॉलीवर एकेक तुकडा घेऊन त्याला चिकटलेला मऊ भाग खरवडून काढते, तुकडे बारीक करते. तोच चुरा केजमध्ये ठासून भरतात, उरलेला आजूबाजूला घालतात. त्या पूर्ण ट्रेमध्ये मला सगळ्यात जपावीशी वाटायची ती ही वाटी, कारण मणके जुळायचे ते या चुऱ्यावर. इतकी खटपट करून घातलेलं हाड रोज पहाटेच्या चिमूटभर मिश्रीनं उपाशी मारायचं का?

आईंना हे असंच सांगा, "तुझंच हाड तुला घालणारेत" म्हणून. बायकांना ते पटतं. ऑपरेशनच्या निदान चार ते सहा आठवडे आधी बंद आणि नंतर हाड धरेपर्यंत बंद. रागावून, डबी लपवून काही होत नाही, शेजारणीकडून चिमूट मिळते. मिश्री सोडताना बायकांची पहिली तक्रार असते, "त्याशिवाय पोट साफ होत नाही." ती तक्रार खरी आहे, थट्टा करू नका. सकाळी दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी, ज्वारीची भाकरी. डॉक्टरांना सांगितलं तर सौम्य औषधही देतील. ऑपरेशननंतर जोर करायला लागू नये म्हणून ते तसंही लागणारच असतं. दात घासायला साधी दंतमंजन भुकटी द्या, म्हणजे बोटाची सवय बोटाला राहते. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल. त्या दिवसांत घरातल्या कुणी तरी पहाटे त्यांच्यासोबत उठून चहाला बसावं. निकोटिनची गोळी किंवा पट्टी मनानं देऊ नका, त्यातही निकोटिनच असतं, सर्जनना विचारूनच. आणि घरातले पुरुष तंबाखू मळत समोर बसणार असतील, तर त्या माउलीकडून कसली अपेक्षा करायची?

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही, एमआरआय होतो. फक्त स्क्रूंच्या आजूबाजूचं चित्र थोडं बिघडतं, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगायचं. विमानतळावर यंत्र कधी वाजतं, कधी नाही. वाजलं तर बाजूला घेऊन हातातल्या यंत्रानं तपासतात आणि सोडतात. डिस्चार्ज कार्डाची प्रत पर्समध्ये असली की बोलणं सोपं जातं. मणके जुळल्यावर स्क्रू काढायची साधारणपणे गरज नसते. जंतू झाला, स्क्रू ढिला होऊन दुखायला लागला किंवा तुटून टोचायला लागला, तरच काढतात.

घरी आल्यावर रोज थोडं थोडं चालणं, हेच औषध. पहिले काही आठवडे उकिडवं बसणं, कळशी उचलणं, वाकून केर काढणं पूर्ण बंद. आई ऐकणार नाहीत, तेव्हा केरसुणी आणि कळशी त्यांच्या नजरेआड ठेवा. जखमेतून पाणी यायला लागलं, थंडी वाजून ताप आला, किंवा कमी होत आलेली कंबरदुखी पुन्हा वाढायला लागली, तर गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिक घेत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोन करा.

आणि ऑपरेशनची तारीख लांब असेल तर तोवर एक लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, चप्पल पायातून निसटायला लागली, तर तारखेची वाट बघू नका. मग देशी, इम्पोर्टेड, दाजी, टीपीए सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच रात्री गाडी काढून आईंना कॅज्युअल्टीत न्यायचं.